शंका घेऊन वॉर्डात राहणं

महिन्याचा पहिला रविवार मॉर्मन कुटुंबांत उपवासाचा असतो. दोन वेळचं जेवण टाळायचं, त्याचे वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे आणि सभेत ज्याला आतून वाटेल त्यानं पुढे येऊन साक्ष द्यायची. त्या दिवशी वक्ता ठरलेला नसतो. एखादी आजी येते, नुकताच धर्मप्रचाराच्या मिशनवरून परतलेला तरुण येतो, वडील कानात सांगतील ती वाक्यं म्हणणारी पाच वर्षांची मुलगीही येते. साक्षीची वाक्यं मात्र बहुतेक ठरलेली. हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे, जोसेफ स्मिथ देवाचे संदेष्टे होते हे मला ठाऊक आहे, ‘बुक ऑफ मॉर्मन’ खरं आहे हे मला ठाऊक आहे. आता समजा, बाकावर बसून हे ऐकणाऱ्या चाळिशीतल्या एका बाईला गेलं वर्षभर यातलं काहीच ठाऊक असल्यासारखं वाटत नाही. तिचा नवरा बिशपचा सल्लागार आहे, सासूबाई शेजारी बसल्या आहेत आणि सभेनंतर लहान मुलांच्या वर्गाला गाणी शिकवायचं काम तिच्याकडेच आहे. तिनं काय करायचं?

बाहेरचा माणूस चटकन म्हणेल, पटत नाही तर सोडून दे. आतला कडवा माणूस तितक्याच चटकन म्हणेल, प्रार्थना कमी पडली, ग्रंथ मन लावून वाचला नाहीस. तिच्या आयुष्याकडे दोघांनीही पाहिलेलं नसतं. पण गेल्या पाऊणशे वर्षांत काही मॉर्मन माणसांनी शंका लपवली नाही आणि आपला समाजही सोडला नाही. त्यांनी हे कसं निभावलं, त्याची काय किंमत मोजली आणि कुठे ते निभत नाही, हे समजून घ्यायला हवं. अशी कोंडी कुठल्याही घट्ट विणीच्या समाजात होते. इथे ती फार स्पष्ट दिसते, एवढंच.

या धर्मसंस्थेचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हा शब्द टाळावा, असा आग्रह तिच्या नेतृत्वानं 2018 पासून धरला आहे; इथे ओळखीचा म्हणून तोच वापरला आहे. 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या चोवीस वर्षांच्या तरुणानं तिची स्थापना केली. देवदूतानं दाखवलेल्या सोनेरी पत्र्यांवरचा मजकूर दैवी शक्तीनं भाषांतरित केला तो म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’, असं त्यांचं सांगणं होतं. 1844 मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावानं त्यांना ठार मारलं आणि 1847 मध्ये ब्रिगहॅम यंग उरलेल्या अनुयायांचा मोठा गट घेऊन आजच्या युटामधल्या सॉल्ट लेक खोऱ्यात पोचले. आज सभासदसंख्या 1 कोटी 70 लाखांच्या वर आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेबाहेर राहतात.

एवढ्या मोठ्या संस्थेचा रोजचा जीव मात्र वॉर्डात असतो. वॉर्ड म्हणजे एका परिसरातल्या काहीशे लोकांची मंडळी. तुम्ही कुठल्या वॉर्डात जायचं ते तुमच्या पत्त्यावरून ठरतं, आवडीवरून नाही. पगारी धर्मगुरू नसतो. बिशप हा एरवी दंतवैद्य किंवा हिशेबनीस असतो आणि साधारण पाचेक वर्षं हे काम विनावेतन करून पुन्हा बाकावर जाऊन बसतो. प्रत्येकाकडे काही ना काही जबाबदारी असते. उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा, चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य, तरुणांनी दीड-दोन वर्षं मिशनवर जायचं. कुणाकडे बाळंतपण झालं की आठवडाभर आळीपाळीनं जेवण येतं, कुणी घर बदललं की सामान उचलायला दहा माणसं हजर होतात. हे प्रेम खरं असतं, आणि शंका सांगणं अवघड होतं ते त्याच्यामुळेच. ज्यांनी तुमच्या आजारपणात दारात पातेलं आणून ठेवलं, त्यांच्यासमोर ‘तुमचं मला पटत नाही’ असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

त्यात आणखी एक गाठ आहे. मंदिरात प्रवेश मिळवण्यासाठी ‘टेम्पल रेकमेंड’ नावाचा परवाना लागतो. दोन वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं. त्यासाठी आधी बिशप किंवा त्यांचे सल्लागार आणि मग त्यांच्या वरच्या पातळीवरचे पदाधिकारी मुलाखत घेतात. देवावर श्रद्धा आहे का, संदेष्ट्यांना मानता का, दशांश पूर्ण देता का, असे ठरलेले प्रश्न असतात. मंदिरात होणारं लग्न, ज्याला ‘सीलिंग’ म्हणतात, ते मृत्यूनंतरही टिकतं अशी श्रद्धा आहे, आणि परवाना नसलेल्या आईबापांना पोटच्या मुलीचं ते लग्न बाहेरच्या बागेत बसून काढावं लागतं. अमेरिकेत आधी नागरी विवाह केला तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट 2019 मध्ये निघाली, तेव्हा कितीतरी घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकणाऱ्या मॉर्मन विद्यार्थ्याला दरवर्षी बिशपचा दाखला लागतो, म्हणजे शंका उघड झाली तर पदवीही अडकू शकते. धर्म, घर, शिक्षण आणि कधी कधी नोकरीही, सगळं एकाच दोरीत ओवलेलं असतं.

शंका येतात त्या बहुधा इतिहासातून. रविवारच्या वर्गातल्या चित्रांत जोसेफ स्मिथ पत्रे समोर उघडून वाचताना दिसत. जुन्या नोंदी सांगतात, की हॅटमध्ये एक गुळगुळीत दगड ठेवून, त्यात तोंड खुपसून ते मजकूर सांगत आणि दुसरा लिहून घेई. 1835 मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसांवरून त्यांनी ‘बुक ऑफ अब्राहम’ सांगितलं. त्यांतले काही तुकडे 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून चर्चला परत मिळाले, आणि त्यांवर मृतांबरोबर ठेवायचा नेहमीचा अंत्यविधीचा मजकूर निघाला. जोसेफ यांना अनेक बायका होत्या, त्यांतली सर्वांत लहान लग्नाच्या वेळी पंधरा वर्षांचीही नव्हती. 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना धर्माधिकार दिला जात नव्हता. याशिवाय वर्तमानातले प्रश्न असतातच: बायकांना हा धर्माधिकार का नाही, समलिंगी मुलामुलींचं काय. नोव्हेंबर 2015 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारा नियम आला आणि एप्रिल 2019 मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या साडेतीन वर्षांत अनेकांचा धीर सुटला.

तपशिलापेक्षा खोल जखम होते ती ‘हे मला इतकी वर्षं सांगितलं का नाही’ या प्रश्नानं. इंटरनेट आल्यावर तो प्रश्न घरोघरी गेला. स्वीडनमध्ये तर चर्चच्या वरिष्ठ पदावर राहिलेले हान्स मॅटसन सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं शोधता शोधता स्वतःच अडखळले. 2010 मध्ये चर्चचे अधिकृत इतिहासकार तिथे जाऊन सभासदांशी बोलले. 2013 मध्ये मॅटसन यांनी आपली व्यथा जाहीर केली. त्याच वर्षापासून 2015 पर्यंत चर्चनं या अडचणीच्या विषयांवर अधिकृत निबंध प्रसिद्ध केले. दगड, बहुपत्नीत्व, पपायरस, वंशभेद, सगळं त्यांत आलं. 2015 मध्ये त्या दगडाची छायाचित्रंही छापली गेली. उशीर झाला, हे खरं. पण माझ्या मते या निबंधांनी एक मोठी गोष्ट केली. वर्षानुवर्षं जी माहिती ‘शत्रूंचा अपप्रचार’ म्हणून झटकली जायची, ती सांगणाऱ्या माणसाला आता घरात खोटं ठरवता येत नाही.

मॉर्मन लोकांमध्ये अशा प्रश्नांसाठी फडताळाची भाषा आहे. उत्तर मिळत नाही तो प्रश्न वरच्या फळीवर ठेवायचा आणि पुढे चालू लागायचं. हा शब्दप्रयोग चर्चचे एकेकाळचे प्रमुख, म्हणजे संदेष्टे, स्पेन्सर किंबॉल यांच्या पत्नी कॅमिला किंबॉल यांच्या नावाशी जोडला जातो. श्रद्धा गमावलेले लोक मग सांगतात, की एके दिवशी फळीच मोडली. काही काळापुरतं फळीवर ठेवणं शहाणपणाचं आहे. मूल आजारी असताना पपायरसचा निकाल लावायची गरज नसते. पण जे लोक शंकेसह टिकले, त्यांनी फळीवरचं सामान मधूनमधून खाली काढून पाहिलेलं दिसतं. अशा लोकांमध्ये मला सर्वांत मोठ्या वाटतात त्या हुआनिता ब्रुक्स.

ब्रुक्स 1898 मध्ये नेवाडातल्या बंकरव्हिल या मॉर्मन वस्तीत जन्मल्या. तरुणपणी शाळेत शिकवत असताना नेफी जॉन्सन नावाच्या वृद्धानं त्यांना सांगितलं, की मरण्यापूर्वी मला काही लिहून ठेवायचं आहे, तू लिहून घे. ते राहून गेलं. पुढे त्या त्याच्या मृत्युशय्येपाशी पोचल्या, तेव्हा तो भ्रमात रक्त, रक्त असं ओरडत होता. तो 1857 च्या माउंटन मेडोज हत्याकांडाच्या वेळी तिथे हजर होता, हे त्यांना कळलं. 11 सप्टेंबर 1857 रोजी दक्षिण युटातल्या मॉर्मन मिलिशियानं आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातली सुमारे 120 माणसं, बायका-मुलांसकट, मारली. त्यांना अभयाचं वचन देऊन शस्त्रं खाली ठेवायला लावलं होतं. सतरा लहान मुलं तेवढी वाचली. दोष पाययूट आदिवासींवर आणि शेवटी एकट्या जॉन डी. ली या माणसावर ढकलला गेला. 1877 मध्ये ली यांना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. बाकीच्यांबद्दल वस्त्यांमध्ये कुणी बोलत नसे. ब्रुक्स यांचे आजोबाही त्याच वस्त्यांमधले.

ब्रुक्स यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या सेंट जॉर्ज गावात मोठा संसार सांभाळत होत्या, तिथल्या रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेच्या, अध्यक्षा राहिल्या होत्या. शेजारीण आली की इस्त्रीच्या कपड्यांच्या आड लिखाण लपवायचं, ती गेली की पुन्हा टाइपरायटर. चर्चच्या वरिष्ठ कार्यालयानं त्यांना काही कागद दाखवायला नकार दिला, तोही त्यांनी पुस्तकात नोंदवला. ‘द माउंटन मेडोज मॅसॅकर’ हे पुस्तक 1950 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलं. त्यानंतर त्यांच्याकडे पाठ फिरवली गेली, गावातले चेहरे बदलले. पण त्यांना बहिष्कृत केलं गेलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत. 1961 मध्ये चर्चनं ली यांचं सभासदत्व मरणोत्तर परत दिलं. ब्रुक्स यांनी ली यांच्या चरित्रात ते छापलं. 2007 मध्ये हत्याकांडाला दीडशे वर्षं झाली, तेव्हा चर्चचे ज्येष्ठ नेते हेन्री आयरिंग यांनी त्या जागी उभं राहून खेद व्यक्त केला. पुढच्या वर्षी चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांचं याच विषयावरचं सविस्तर पुस्तक ऑक्सफर्डनं काढलं. ब्रुक्स 1989 मध्येच गेल्या होत्या.

शंका ही बाहेर पडण्याची खिडकी असते किंवा मनातला रोग असतो, असं ब्रुक्स यांनी मानलं नाही. खरं शोधणं हे त्यांना आपल्या लोकांवरचं कर्तव्य वाटलं, आणि लोक आपले आहेत म्हणूनच. त्यांच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी फॉन ब्रोडी यांनी जोसेफ स्मिथ यांचं परखड चरित्र लिहिलं होतं. 1946 मध्ये ब्रोडी बहिष्कृत झाल्या आणि त्यांनी परत वळून पाहिलं नाही. दोघी प्रामाणिक होत्या. ब्रोडी यांचा या धर्मावरचाच विश्वास उडाला होता, ब्रुक्स यांचा उडाला नव्हता. शंकेचा प्रकार ओळखणं किती महत्त्वाचं आहे ते इथे दिसतं. एखादी शंका वस्तुस्थितीबद्दल असते. तिच्यासाठी चांगला इतिहास वाचावा. रिचर्ड बुशमन हे श्रद्धावान इतिहासकार आहेत आणि 2005 मधल्या त्यांच्या जोसेफ-चरित्रात दगडही आहे, बायकाही आहेत. दुसरी शंका नीतीची असते. चौदा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, यावर कुठल्याही इतिहासकाराचा संदर्भ देऊन मनाला शांती मिळत नाही. तिथे ‘हे चुकीचं होतं’ एवढं स्वतःशी म्हणता यावं लागतं. तिसरी देवाबद्दलच असते आणि तिला पपायरसवरचे निबंध पुरत नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच रात्री एकमेकींत मिसळल्या, की सगळं एकदम कोसळल्यासारखं वाटतं.

1967 मध्ये इतिहासाचे प्राध्यापक रिचर्ड पोल यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो वॉर्डात एक भाषण दिलं. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधल्या दोन खुणा घेऊन त्यांनी सभासदांचे दोन स्वभाव सांगितले. लोखंडी कठडा हाताशी असलेल्याला वाट पावलागणिक सांगितलेली असते. लियाहोना नावाचं होकायंत्र असलेल्याला फक्त दिशा कळते, वाट त्याची त्यानं शोधायची. पोल स्वतःला दुसऱ्या गटात गणत होते, आणि एका बाकावर दोघांनाही जागा असावी एवढंच त्यांचं मागणं होतं. ते भाषण ‘डायलॉग’ या नियतकालिकात छापून आलं. हे नियतकालिक 1966 मध्ये स्टॅनफर्डमधल्या तरुण मॉर्मन अभ्यासकांनी सुरू केलं होतं; यूजीन इंग्लंड हे त्यांतले एक. अधिकारी वर्गाला पोल यांची मांडणी रुचली नाही. 1971 मध्ये चर्चच्या सार्वत्रिक परिषदेत ज्येष्ठ नेते हॅरल्ड ली यांनी लोखंडी कठड्याच्याच बाजूनं भाषण केलं. तरीही आपल्यासारखे दुसरे आहेत, हे पोल यांच्या भाषणानं असंख्य लोकांना कळवलं.

इंग्लंड यांनी पुढे 1986 मध्ये मांडलेला विचार मला अधिक मोलाचा वाटतो. वॉर्ड आपण निवडत नाही, म्हणून तिथे आपल्याला न आवडणारी, न पटणारी माणसं भेटतात. त्यांच्याबरोबर वर्ग चालवावे लागतात, त्यांच्या आजारपणात जावं लागतं, आणि त्यातून माणूस प्रेम करायला शिकतो. केवळ सिद्धान्त बरोबर असल्यामुळे नव्हे, तर या रगाड्यामुळेही चर्चचं मोल आहे, असं ते म्हणत. शंका घेऊन राहणाऱ्या माणसाला यात एक खरं कारण मिळतं, जे उसनं आणावं लागत नाही.

रोजच्या जगण्यात हे कसं उतरतं? बहुतेकांची पहिली परीक्षा घरात होते. जोडीदाराला सांगायचं तर तो फक्त मतभेद ऐकत नाही, मृत्यूनंतर कुटुंब एकत्र राहण्याचं वचनच हललं असं त्याला वाटतं. म्हणून चार पुस्तकांतलं सगळं एका रात्रीत त्याच्यासमोर ओतणं क्रूर ठरतं. त्याची भीती आधी ऐकावी लागते. बिशपला सांगायचं का, हे बिशप पाहून ठरवावं. तो स्वयंसेवक असतो, या कामाचं त्याला फारसं प्रशिक्षण नसतं. एखादा आपल्याही शंका सांगतो, एखादा थेट जबाबदारी काढून घेतो. कामांमध्येही निवड करता येते. पियानो वाजवणं, आजाऱ्यांना जेवण पोचवणं, तरुणांबरोबर डोंगरात जाणं यात खोटं बोलावं लागत नाही. ‘मला ठाऊक आहे’ असं वदवून घेणारा वर्ग नाकारता येतो. 2013 मध्ये ज्येष्ठ नेते जेफ्री हॉलंड यांनी परिषदेत एका चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. ठाऊक आहे असं अजून म्हणू शकत नाही, पण विश्वास आहे, असं तो म्हणाला होता आणि हॉलंड यांनी त्याला मिठी मारली. त्या भाषणानंतर साक्षीच्या सभेत ‘मला आशा आहे’ म्हणणं थोडं सोपं झालं. मंदिराच्या परवान्याचं मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण प्रश्नांची उत्तरं आपल्या अर्थानं, पण मनापासून देतात. काही परवाना सोडून देतात आणि दर रविवारी येत राहतात. मुलाचं लग्न चुकेल या भीतीनं खोटं उत्तर देणारेही असतात. त्यांना नावं ठेवण्यापेक्षा मला त्या लग्नाच्या नियमाचाच राग येतो.

आपल्याकडे हे चर्च लहान आहे, पण नवं नाही. 1850 च्या दशकात ह्यू फिंडले हे मिशनरी मुंबई आणि पुण्यात प्रचार करत होते. आज भारतातलं एक महत्त्वाचं केंद्र बेंगळुरू आहे आणि तिथल्या मंदिराची घोषणा 2018 मध्ये झाली. इथला सभासद अनेकदा पहिल्या पिढीचा असतो. चर्चमध्ये जाताना त्यानं जन्मघराची नाराजी ओढवून घेतलेली असते, आणि शंका आली की ‘आम्ही सांगत होतो’ म्हणायला तेच घर तयार असतं. युटामधल्या माणसाला शेजारच्या वॉर्डात किंवा नियतकालिकांत समविचारी सापडतात. वीस-तीस जणांच्या शाखेत ते कठीण असतं. अशा ठिकाणी एका माणसाचा विश्वास मिळाला तरी तो खूप झाला.

राहणं हा सगळ्यांसाठी योग्य निर्णय नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवं. जिथे राहण्यासाठी स्वतःला किंवा आपल्या समलिंगी मुलाला रोज कमी लेखणं ऐकावं लागतं, तिथे बाहेर पडणंच आरोग्याचं. आणि कधी कधी राहायचं असूनही ठेवून घेतलं जात नाही. सप्टेंबर 1993 मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. पाच जण बहिष्कृत झाले. त्यांतल्या लव्हिना फील्डिंग अँडरसन बहिष्कारानंतरही वर्षानुवर्षं आपल्या वॉर्डात जात राहिल्या. पवित्र प्रसादाची पाव-पाण्याची थाळी समोर आली की त्यांना ती न घेता पुढे द्यावी लागे. 2019 मध्ये त्यांनी पुनर्बाप्तिस्म्यासाठी केलेला अर्ज सॉल्ट लेक सिटीतल्या सर्वोच्च नेतृत्वानं नाकारला. 2023 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे, पण ती दुसऱ्या कुणाकडून मागायचा अधिकार कुणालाही नाही.

शंकाग्रस्त आईबापांपुढे सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा असतो. आठव्या वर्षी बाप्तिस्मा येतो, आणि त्याआधीच घरात काय सांगायचं ते ठरवावं लागतं. 2019 पासून रविवारची तीन तासांची सभा दोन तासांवर आली आणि घरच्या अभ्यासावर भर दिला गेला. म्हणजे शिकवणं पूर्वीपेक्षा जास्त आईबापांच्या हाती आलं. दहा वर्षांच्या मुलाला हॅटमधला दगड समजतो. बाराव्या वर्षी माउंटन मेडोजबद्दल आणि ते लिहिणाऱ्या बाईबद्दल सांगता येतं. आईला यातलं काय पटतं, काय पटत नाही आणि तरी ती रविवारी का जाते, हेही सांगता येतं. मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करायची मुभा 2019 पासून मिळाली आहे. उद्या मिशनवर गेलेल्या या मुलाला परक्या शहरात कुणीतरी दारातच जोसेफच्या बायकांबद्दल विचारलं, तर घरात हे बोलणं आधीच झालेलं असल्यामुळे तो त्या फोनवर आईशी त्याबद्दल बोलू शकतो.